ही माझी पोरं

सत्काराला चादर द्यायची आमच्या सोलापुरात पद्धत आहे. ती देताना उन्हाचा विचार कुणी करत नाही. एप्रिल महिना होता. त्या संध्याकाळी आमच्या गायकाच्या अंगावर पाहुण्यांनी एकीवर एक चादरी घातल्या, डोक्याला फेटा बांधला, आणि तो घामाने निथळत, हात जोडून, कृतार्थ चेहऱ्याने उभा राहिला. आम्हा वाजवणाऱ्यांना टॉवेल मिळाले. कुणाला किती रुंदीचं कापड द्यायचं याचं आयोजकांना पक्कं भान होतं.

आमचा बँड मराठीत रॉक वाजवतो. गायक सोलापूरचा, मीही सोलापूरचाच. तो पोस्टरवर असतो आणि मी स्टेजवर त्याच्या डावीकडे, जिथून अंधार सुरू होतो तिथे. गिटार हे माझं ठरलेलं काम. पण बासवाला आजारी पडला की बास मी वाजवला, कीबोर्डवाला दुबईला गेला तेव्हा कीबोर्ड, एका दौऱ्यात मेंडोलिन, आणि ड्रमवाल्याच्या मुलीचं बाळंतपण आलं तेव्हा ड्रमसुद्धा. मुलाखतीत गायक म्हणतो, 'आमच्याकडे सगळे सगळं करतात.' त्यातले सगळे म्हणजे मी.

त्याआधी गणपतीच्या मेळ्यात वाजवलं, वरातीत वाजवलं, नाताळात चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, अक्कलकोटला भजनी मंडळाला पेटीवर साथ केली. तिथली अर्धी भजनं कन्नडमध्ये. अर्थ कळायचा नाही, पण गाणाऱ्याचा श्वास कुठे संपणार ते कळायचं, आणि साथीला तेवढं पुरतं. मला जे येतं ते दुसऱ्याच्या मागे उभं राहून आलंय आणि त्याची मला लाज वाटत नाही. मागे उभं राहणं हे काम आहे. फक्त ते काम आहे हे पुढे उभ्या असलेल्याला माहीत असावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

माझी मोठी बहीण जुळे सोलापुरात राहते. तिला मी अक्का म्हणतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, त्यामुळे तिला उत्तर नेमकं लागतं. बँडमध्ये तू करायलास काय, हा तिचा जुना प्रश्न. गातोस? नाही. गाणी तुझी? काही चाली माझ्या, नाव त्याचं. मग उरलं काय? मी तिला एकदा सांगितलं होतं की शेवटच्या गाण्याआधी आमची नावं घेतात. ड्रम आणि बास चालू राहतात, गायक एकेकाचं नाव पुकारतो आणि ज्याचं नाव त्याने थोडा वेळ एकट्याने वाजवायचं. सांगली, नांदेड, बेळगाव, सगळीकडच्या लोकांनी माझं नाव असं ऐकलंय. सोलापूरने तेवढं ऐकलं नव्हतं, कारण नाव झाल्यापासून बँड सोलापुरात आलाच नव्हता.

तर यावेळी अक्काने सोसायटीतल्या बायका गोळा केल्या. दुपारी आम्ही स्टेजवर आवाज तपासत होतो तेव्हा तिचा फोन आला.

"नाव आडनावासकट घेतात ना?"

"घेतात, अक्का."

"त्याला सांगून ठेव. आपलं आडनाव लोक हमखास चुकतात. बायकांसमोर शोभा नको."

मी गायकाला सांगितलं. तो हसला. "तुझं आडनाव मी चुकवीन होय?"

दुसरी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात मधे नुसता ड्रमचा तुकडा आहे. तो संपला की गायक एकटाच पुढची ओळ उचलतो. त्या जागी त्याला सूर पकडायला काहीच नसतं. सुरुवातीच्या दिवसांत एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो तिथे भलत्याच सुरात लागला आणि पोरं हसली. पुढच्या कार्यक्रमात तुकडा संपता संपता मी खालची एक तार हलकेच छेडली. त्याने तो सूर उचलला. तेव्हापासून दर कार्यक्रमात मी तो सूर देत आलो, हातात असेल त्या वाद्यावर, आणि ड्रमवर असलो तर हलकेच गुणगुणून. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. इतकी वर्षं एकत्र राहिलेल्या माणसांत काही गोष्टी बोलायच्या नसतात, असं मी समजत होतो. पेपरवाले त्याच्या 'जन्मजात सुरा'बद्दल लिहायचे आणि मी ते वाचून मनातल्या मनात हसायचो. त्या संध्याकाळी निवेदकानेही तेच शब्द वापरले.

सत्कार कार्यक्रमाच्या मधेच, शेवटच्या गाण्याआधी नावं घ्यायच्या वेळी उरकायचा ठरला, कारण प्रमुख पाहुण्यांना एका लग्नाला जायचं होतं. काहीतरी वाजवत राहा, अशी आयोजकाने आम्हाला खूण केली. मी दोन कॉर्ड घोळवत राहिलो. चादरी आल्या, नारळ आले, भाषणं झाली. एका वक्त्याने कलेत साधनेचं महत्त्व सांगितलं. ते पूर्ण होईपर्यंत माझं बोट बधिर झालं होतं.

मग गायक माईकवर आला. बँडचं हे रोपटं आपण एकट्याने कसं लावलं ते त्याने सांगितलं. पाहुणे घड्याळ बघत होते. त्याने ते पाहिलं, मागे वळून आमच्याकडे हात केला आणि म्हणाला, "आणि ही माझी पोरं!"

मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. ड्रमवाला आजोबा झालाय.

टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत पाहिलं. अक्का हात वर धरून बसली होती, टाळी वाजवायच्या तयारीत. शेजारच्या बाईला ती काहीतरी सांगत होती. बहुतेक, आता घेतील म्हणून. तिचे हात तसेच राहिले आणि शेवटचं, तेच गाजलेलं गाणं सुरू झालं.

माझं आडनाव त्याने चुकवलं नाही, हे मान्य करायला हवं.

ड्रमचा तुकडा आला. मी उजवा हात तारांवरून काढला आणि मांडीवर ठेवला. तुकडा संपला. गायकाने ओळ उचलली ती अर्ध्या सुराने वर. मागून आम्ही सगळे शिरलो तेव्हा त्याचा आवाज आमच्या सुरांवर कचकचीत घासला आणि ओळ संपेपर्यंत घसरत घसरत कसाबसा जागेवर आला.

कुणाला काही कळलं नाही. लोक मोबाइलचे दिवे हलवत स्वतःच गात होते. प्रमुख पाहुणे ताल सोडून टाळ्या वाजवत होते. इतकी वर्षं मी ज्याची राखण केली ते गेलं तरी चालत होतं.

पण त्याला स्वतःला कळलं होतं. कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे तो साउंडवाल्यावर तुटून पडला. स्टेजवर गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर स्पीकर असतो, त्याला मॉनिटर म्हणतात. त्या मॉनिटरने माझी वाट लावली, असं तो आयोजकांच्या देखत ओरडत होता. साउंडवाला सकाळपासून उन्हात उभा होता. तो एवढंच म्हणत होता, "साहेब, चालू हाय की. दुपारी तुमीच बघितला न्हवं?"

मी मधे पडलो. "त्याला बोलू नकोस. मॉनिटर ठीक होता. सूर मी दिला नाही."

तो माझ्याकडे वळला. "कसला सूर?"

खोटं बोलताना तो भुवया वर नेतो, हे मला अनेक मुलाखतींवरून माहीत आहे. भुवया जागच्या जागी होत्या. तो खरंच विचारत होता. फेटा कानावर आला होता आणि त्याला खरंच माहीत नव्हतं.

'पोरं'चा राग मी कदाचित गिळला असता. याआधी बरंच गिळलंय. हे गिळता येईना. मी गिटार पेटीत घातली.

"उद्या लातूर आहे," तो म्हणाला.

"कळेल तिथे," मी म्हणालो.

बाहेर अक्का बायकांना घेऊन रिक्षापाशी थांबली होती. ती त्यांना सांगत होती, "नाव घेतलं की. टाळ्यांत ऐकू आलं नाही."

"घेतलं नाही, अक्का," मी म्हणालो. बायका रिक्षावाल्याशी भाड्याचं बोलायला लागल्या. अक्काने माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यावर छापलेलं प्रायोजकाचं नाव वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये टाकला.

लातूरला मी गेलो नाही. ड्रमवाल्याने फोनवर सांगितलं की गायक तिथे चुकला, पुढच्या गावीही चुकला, आणि आता त्या तुकड्याखाली कीबोर्डवर सूर धरून ठेवतात. कारण विचारलं तर म्हणतो, मॉनिटरचा भरवसा नाही. परवा एका मुलाखतीतही त्याने तेच सांगितलं.

मी हे अक्काला सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"मॉनिटरचं नाव घेतो की तो," ती म्हणाली.