बेस गिटारची चाळीस टोकं

नारायणगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडायच्या, जुनी तार काढून नवी भरायची, हा धंदा. वाद्यं दुरुस्त करणं हा मात्र नाद. गिटारीचं काम मला कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर बघून आणि दोन-चार गिटारींची वाट लावून शिकलो. जमायला लागल्यावर मात्र मी स्वतःला मोठा कारागीर समजू लागलो. पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं.

आमचा चौघांचा ऑर्केस्ट्रा आहे. साखरपुडे, वास्तुशांती, गावोगावच्या यात्रा. एक गाणाऱ्या ताई, एक ढोलकीवाला, कीबोर्डवर मी, आणि बेस गिटारवर तळेघरकडचा एक जण. डोंगरात त्याची भाताची खाचरं आणि वर थोडी नाचणी. गिटार पाठीला लावून तो आधी पायी, मग मिळेल त्या एसटीने आणि शेवटी जीपमध्ये दाटीवाटीने बसून सरावाला यायचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणायचा. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. गाण्यात ते वेगळं ऐकू येत नाही, पण बंद पडलं की गाणं पोकळ वाटायला लागतं. कार्यालयातल्या बहुतेक पाहुण्यांना हा माणूस स्टेजवर नेमकं काय करतोय तेच कळत नसे. त्याचं त्याला काही नव्हतं. "आपल्याला ठावं हाय ना भाऊ, बास," म्हणायचा.

त्याची गिटार सेकंडहँड, मीच शोधून दिलेली. लग्नसराई संपल्यावर, पावसाच्या तोंडावर मी ती दुकानात ठेवून घेतली आणि नीट लावून दिली. गिटारीच्या मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, ती पिळून मान सरळ केली. दाबायला जोर लागू नये म्हणून तारा खाली आणल्या. मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्या घासून एका पातळीत आणल्या. त्याने वाजवून बघितली आणि खूश झाला. "लोण्यावानी झालीया, राव!"

देताना मी त्याला बजावलं, "तुमच्याकडचा पाऊस बेकार. ओल लागली तर माझ्या कामाचं वाटोळं होईल. कोरड्यात ठेव."

"ठिवतो की," तो म्हणाला. कोरड्यात म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही.

तो पुन्हा आला तो दिवाळीनंतर. भाताची कापणी नुकतीच उरकली होती. वाजवायला बसला आणि अर्ध्या तासात डावा हात झटकायला लागला. बघितलं तर तर्जनीच्या मुळाशी आणि अंगठ्याच्या बेचक्यात बारीक बारीक कापलेलं, काही जुनं, काही ताजं. "भाऊ, कडंला जरा लागतंय वो," तो म्हणाला.

कापणीत विळा उजव्या हातात असतो आणि भाताची मूठ डाव्या हातात. कापायचा तो डावाच हात. मीही शेतकऱ्याच्या घरातला, मला हे सांगायला कुणी नको. मी गिटार हातातसुद्धा घेतली नाही. म्हणालो, "विळ्याने हात सोलून घेतलास आणि गिटारीला नावं ठेवतोस? मी लावलीय ती."

त्याने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा गिटारीकडे. "तसं बी आसंल," म्हणाला.

मग तो हात मानेपासून लांब धरून वाजवायला लागला. मनगट वाकडं करायचा, बोटं वरून टेकवायचा, तळवा कडेला लागू द्यायचा नाही. अशाने तार नीट दाबली जात नाही, सूर घसरतो, गाण्याची लय मागं पडते. मी दर सरावाला टोकायचो. हात चिकटव, मान नीट धर, गाय दोहतोयस का. ढोलकीवाला हसायचा. बेसवाला हात जवळ न्यायचा आणि दोन ओळींनंतर तो हात पुन्हा लांब गेलेला असायचा.

डिंगोऱ्याला भर दुपारी एक साखरपुडा होता. मांडव भरलेला. ताईंनी कडवं उचललं, आणि बेस दोनदा चुकला, तिसऱ्यांदा थांबलाच. ताईही थांबल्या. माझं डोकं फिरलं. मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "अरे, हे हात भात कापायचे, गिटारीचे नाहीत."

माझ्यासमोरचा माइक चालू होता. सगळा मांडव हसला. आणि तोही हसला, लोक हसताहेत म्हणून. ते हसणं मला आजही नकोसं होतं. सामान आवरताना तो तारा पुसत होता तेव्हा रुमालावर लाल ठिपके दिसले. मी पाहिले. हळद लाव म्हणालो आणि स्पीकर उचलायला गेलो.

पुढच्या आठवड्यात मीच फोन करून त्याला सांगितलं, थोडे दिवस थांब, हात बरा होऊ दे. बेस मी कीबोर्डवर डाव्या हाताने वाजवू लागलो. गाणं पोकळ व्हायचं, पण पाहुण्यांना फरक पडला नाही. त्याचा मला तेव्हा आनंद झाला होता, हेही कबूल करतो.

ऐन उन्हाळ्यात दुकानात दुसरीच एक गिटार आली. पत्र्याच्या खोलीत वर्षभर पडून होती. ती टेबलावर घेताना मानेच्या कडेवरून हात फिरला आणि बोट चरचरलं. मला कळलं काय झालंय ते. लाकूड सुकतं, आकसतं. धातू आकसत नाही. मग फ्रेटची टोकं दोन्ही कडांनी बाहेर येतात, करवतीच्या दात्यांसारखी. बोट तोंडात धरलं आणि कानात त्याचा आवाज आला, कडंला जरा लागतंय वो. मी खुर्चीत बसून राहिलो. समोर गिऱ्हाईक मोटारीबद्दल काहीतरी विचारत होतं, मला ऐकू येईना.

दुसऱ्याच दिवशी दुकान बंद ठेवलं. कानस, पॉलिश पेपर, टेप पिशवीत घातलं आणि निघालो. शेवटचा रस्ता चालत गेलो. तो खाचरात पालापाचोळा पसरून भाताच्या रोपांसाठी राब भाजत होता. मला बघून हातपाय न धुताच घरात घेऊन गेला. बायकोला म्हणाला, "च्या ठेव, भाऊ आल्यात नारायणगावचं."

"गिटार कुठंय?" मी विचारलं.

त्याने वर बोट दाखवलं. चुलीच्या बरोब्बर वर टांगलेली फळी होती. तिच्यावर बियाणाची नाचणी, काड्यापेट्या, पिशवीत बांधलेली रेशनकार्डं, आणि गोधडीत गुंडाळलेली गिटार. "तुमीच म्हणला व्हता ना, कोरड्यात ठिव. आमच्यात पावसाळ्यात कोरडी जागा हीच. बियानं बी इथंच ऱ्हातं आन् कागद बी." मग जरा अभिमानाने म्हणाला, "थेंब लागू दिला न्हाई."

पावसाचे चार महिने आणि त्यानंतरही, रोज दोन वेळची चूल तिच्याखाली पेटली होती. मी मानेच्या कडेवरून हळूच बोट फिरवलं. प्रत्येक फ्रेट लागला.

अंगणात बसून काम केलं. तारा ढिल्या करून लाकडावर टेप लावली आणि कानस तिरकी धरून टोकं गोल करत गेलो. वीस फ्रेट, दोन कडा, चाळीस टोकं. त्याच्या बायकोकडून जुन्या लुगड्याचा तुकडा मागून घेतला. तो कडेवरून ओढायचा, धागा अडकला की तिथं पुन्हा कानस. पहिल्यांदा ओढला तेव्हा तो तुकडा मानेला जागोजागी अडकला आणि सोडवताना फाटला. ती बिचारी बघत होती. "आन् ह्येच्यावर ह्यांचा हात फिरत व्हता?" एवढंच बोलली. मी पुन्हा कानस उचलली.

दुपार कलल्यावर फडकं सरसर निघायला लागलं. वाकलेली मान सरळ केली, तारा लावल्या आणि गिटार त्याच्या हातात दिली. त्याने आमचंच एक नेहमीचं गाणं वाजवलं. सुरुवातीला हात लांबच. "चिकटव," मी म्हणालो. त्याने घाबरत घाबरत तळवा टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. मग त्याचा चेहरा उजळला. "हात बरा झाला वाटतं माजा! कापणी न्हाई ना आता. तुमी म्हणत व्हता त्येच खरं, भाऊ."

तिथं गप्प बसलो असतो तर चहा पिऊन सुखाने परत येता आलं असतं. ते काही जमलं नाही. मी सांगून टाकलं, "तुझ्या हाताला काही झालं नव्हतं. गिटारच कापत होती. आणि ती कोरड्यात ठेव म्हणून सांगितलं मी, आणि तू बोललास तेव्हा बघितली नाही तीही मीच."

त्याने तारेवरचं बोट उचललं. "म्हंजी डिंगोऱ्यात..."

"हो."

"तिथं माज्या सासुरवाडीची मान्सं व्हती, भाऊ. आजून म्हणत्यात, काय पावणं, भात कापला का गिटारीवर." त्याचा आवाज चढला नव्हता. "मला ऑर्केस्ट्रात यायचं हाय. पर तुमी समद्यांपुढं बोलला व्हता. आता ह्ये बी आपल्या मान्सांपुढं बोला. मांडवात नगं, सरावाला बोला. तेवढं बास."

"बोलतो," मी म्हणालो. शब्द दिला. तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत गिटारीवरच बोलत होता.

पुढच्या सरावाला तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताई आल्या, ढोलकीवाला आला. मी वाक्य पाठ करून आलो होतो: चूक माझी होती, मी त्याच्यावर ढकलली. तोंड उघडलं आणि निघालं ते असं, "याची गिटार जरा खराब झाली होती. केलीय दुरुस्त. चला, घ्या."

"बरं झालं राव," ढोलकीवाला म्हणाला. "आमाला वाटलं ह्याचा हातच गेला."

गिटार मांडीवर घेऊन बसलेला तो माझ्याकडे पाहत राहिला. तेव्हाही वेळ होती. एक वाक्य तर बोलायचं होतं. मी कीबोर्डवर सूर धरला.

दोन तास त्याने असा बेस वाजवला की ताईंनी गाता गाता मागं वळून बघितलं. एक सूर चुकला नाही. संपल्यावर त्याने गिटार गोधडीत गुंडाळली. दाराशी थांबून विचारलं, "भाऊ, एवढंच?"

"जीप जाईल तुझी," मी म्हणालो.

त्यानंतर तो आला नाही. फोन केला की उचलतो, मला बोल लावत नाही. "कामं हाईत," म्हणतो. मीही विषय काढत नाही. गिटार उत्तम लागलेली आहे, आता ती कुणाच्याही हाताला लागणार नाही, आणि ती डोंगरात नुसती पडून आहे. मी डाव्या हाताने बेस वाजवतो.

परवा सरावाला ढोलकीवाल्याने विचारलं, "त्याचा हात परत दुखतोय का काय?"

मी म्हणालो, "असेल."