टेलरने आणलेला सपाट पडदा

टेलर म्हणजे तोंडात टाचण्या धरूनही भांडू शकणारा माणूस. एकदा एका गिऱ्हाइकाने पँट घट्ट झाली म्हणून आरडाओरडा केला, तर टेलर टाचण्यांमधूनच म्हणाला, "पँट तीच आहे, साहेब. पोट नवीन आणलंत!" गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पण टेलर आठवडाभर खुशीत.

माघार घेणं त्याच्या रक्तातच नव्हतं. वडील गेल्यावर धाकट्या भावाशी वाटण्या झाल्या, घरात मधोमध भिंत उभी राहिली, जावाजावांचं बोलणं बंद झालं. धाकटा वायरमन. त्याच्याकडे घराची मागची बाजू आली, टेलरकडे पुढची आणि दुकान.

भिंतीला एकच भोक राहिलं होतं. संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की वायरमन वाकून आत यायचा, बाजूच्या बुटक्या स्टुलावर बसायचा आणि दोघे भाऊ कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचे. पडद्याच्या वरच्या भागात टेलरची गाडी, खालच्या भागात वायरमनची. "दादा, ब्रेक नावाची वस्तू असते रे!" "तू तुझं बघ, खड्ड्यात चाललास!" दिवसभरात दोघे एकमेकांशी बोलायचे ते एवढंच.

मॉनिटर जुना, मागे ढेरी सुटलेला. एक दिवस चित्र आक्रसत आक्रसत विझलं.

"सपाट घेताना खाली, बाजूला बसून बघ," वायरमन म्हणाला. "काही पडदे समोरूनच नीट दिसतात. मी येऊ का?"

"तुझ्या चड्ड्या मी शिवल्या. आता पडदे तू शिकवणार?"

टेलर एकटाच गेला. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलीने दोन मॉनिटर लावून दाखवले. एक कुठूनही सारखा दिसणारा, पण जरा संथ. दुसरा चपळ, वेगातही चित्र फरफटत नसे.

"गेम कोण खेळणार, काका? एकटे की सोबत कुणी?"

आता मिशी पांढरी झालेल्या माणसाने सांगायचं कसं, की मी आणि माझा भाऊ गाड्या गाड्या खेळतो? टेलर म्हणाला, "मुलासाठी हवाय." मुलगा तर केव्हाच नोकरीला परगावी गेलेला.

"मग हा चपळ न्या. मुलं एकटीच बसतात समोर."

त्याने नेला. दुपारी खाली पडलेली कात्री उचलताना त्याने सहज वर पाहिलं. पडदा काळपट, जणू कुणी चिखल फासलाय. टेलर कात्री घेऊन पुन्हा खुर्चीत बसला.

संध्याकाळी वायरमन स्टुलावर बसला.

"दादा, मला रस्ताच दिसत नाही."

"हरायला लागलं की रस्ता दिसत नाहीच."

"तू इथे बसून बघ ना."

"डोळे तपासून घे."

"अरे, बदलून देतात दुकानात. मी आणतो उद्या."

बदलायला धाकटा गेला, तर 'मुलासाठी' ही थाप त्याला त्या मुलीकडून कळणार. त्याहून वाईट म्हणजे धाकट्याचं खरं होतं, हे कबूल करायचं. "काही गरज नाही," टेलर म्हणाला.

"बरं, मग पाळीपाळीने समोर बसू."

"दुकान माझं आहे. समोर मीच बसणार."

बोलून गेला. वाटणीच्या वेळी वकिलासमोर बोलला होता त्याच आवाजात.

वायरमनने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. त्याची वायर पद्धतशीर गुंडाळली, सवयच ती, आणि शटरखालून वाकून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही. टेलरने बायकोला सांगितलं, "हरायला घाबरतो तो."

"जिंकलात ना?" ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "मग बसा आता."

टेलर बसतो. एकट्याने खेळायची सोय गेममध्ये आहे, पण तो दोघांचाच खेळ लावतो. खालच्या भागातली गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभीच असते. वरची फेऱ्या मारून येते आणि तिच्या शेजारून निघून जाते. शेवटी पडद्यावर जिंकल्याची मोठी अक्षरं येतात. ती मात्र समोरून अगदी स्वच्छ दिसतात.