लग्नाआधीचं बीगर ऊट

माविनकेरेच्या मुनियण्णाने जन्मभर दोनच पोटांची काळजी वाहिली. एक मुलीचं, नेत्राचं, आणि दुसरं गावाबाहेरच्या गॅसच्या टाकीचं. गावच्या संडासांचा गाळ आणि आंब्याच्या कारखान्यातल्या साली-कोयी खाऊन टाकी ढेकर द्यायची, आणि त्या ढेकरांवर कल्याणमंडपातल्या, लग्नाच्या स्वयंपाकाच्या शेगड्या पेटायच्या. मुनियण्णा रोज सकाळी झाकणाला कान लावून तिची तब्येत विचारी. गावातले लोक मात्र त्याच्या शेजारी बसण्याआधी वारा कुठून येतोय ते बघत. हे त्याला फार लागे.

म्हणून नेत्राला चिंतामणी गावचं स्थळ आलं तेव्हा त्याने आपण 'गॅस खात्यात' असल्याचं सांगितलं. नवऱ्या मुलाच्या वडिलांना, बैरप्पांना, कुणकुण लागलीच.

"गॅस खातं ना तुमचं? मग लग्नाचा स्वयंपाक त्याच गॅसवर होऊ द्या. पेटला तर लग्न, नाहीतर पोराला घेऊन आम्ही परत. आणि आमच्याकडून लग्नात काडीसुद्धा येणार नाही."

मुनियण्णा हो म्हणाला, कारण नेत्राचा जीव त्या पोरावर बसला होता.

लग्नाला पाच आठवडे उरले आणि टाकी बिघडली. हंगाम जोरात होता. साली ट्रॅक्टर भरभरून येत होत्या, आणि गाव आंबे राखायला बागांत राहायला गेलेलं. सकाळचं सगळं तिकडेच, झाडामागे. नुसतं आंबट खाऊन टाकीला पित्त झालं. मुनियण्णाने तिला चुना दिला, उपास घडवला, तरी शेगडी पेटेना. तिला माणसांचा गाळ हवा होता.

त्याने बागेबागेत जाऊन हात जोडले. "सकाळी तेवढं घरी येऊन जा रे."

"तेवढ्यासाठी दोन कोस?" राखणदार नंजेगौडा म्हणाला. "तोवर माकडं बाग खातील. आणि मला दम निघायचा नाही."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "गौरम्मा, लग्न लागल्यावर व्याह्यांना मटणाचं जेवण, बीगर ऊट, घालतोच ना आपण? ते आत्ताच घालू."

"लग्नाआधी? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"टाकीला पचवायला वीस दिवस लागतात. नंतर जेवून काय उपयोग?"

चिंतामणीहून तीनशे माणसं आली. लाकडाच्या चुलीवर मटण शिजलं. रागीचे मुद्दे, नाचणीचे ते वाफाळते गोळे, मुनियण्णा स्वतः वाढत होता, आणि आग्रह असा, की बैरप्पांचे डोळे पाणावले. इतका मान त्यांना कुणी दिला नव्हता. जेवून मंडळी निघाली, तर सगळ्या बसच्या चाव्या मुनियण्णाने कनवटीला लावल्या होत्या. "सकाळी कॉफी घेऊन, मोकळे होऊन जा," तो म्हणाला.

सकाळी कल्याणमंडपाच्या दहा संडासांपुढे रांग लागली. मुनियण्णा प्रत्येकाला बादली भरून देत होता आणि परतणाऱ्याला नमस्कार करत होता. एक म्हातारा दोनदा जाऊन आला. त्याला त्याने शाल पांघरली.

लग्नाच्या दिवशी शेगड्या पेटल्या, निळ्याशार. पायसाचा हंडा रटरटायला लागला. बैरप्पा जाळाकडे बघत उभे राहिले. त्यांनी बोटांवर दिवस मोजले, आणि त्यांना ती शाल आठवली.

"मुनियण्णा, हा गॅस..."

खोटं बोलायचा त्याला आता कंटाळा आला होता. "तुमचाच आहे, व्याही."

आचाऱ्याचा झारा थांबला. दारात नेत्रा मुंडावळ्या बांधून उभी होती, ती भिंतीला टेकली. आपण पोरीचं वाटोळं केलं, असं मुनियण्णाला वाटलं.

बैरप्पा आपल्या माणसांकडे वळले. "ऐकलंत ना? वरपक्षाने काही दिलं नाही, असं उद्या कुणी म्हणायचं नाही."

मग ते मुनियण्णाच्या अगदी शेजारी, वारा न बघता, बसले.