ऑप्शनला टाकलेलं पान

धरमपेठेतल्या क्लासमध्ये लतिका मॅडमचं एक वाक्य मुलांना तोंडपाठ होतं : "आकृती ऑप्शनला टाका, गणित करा." सिव्हिलच्या मुलांना आरसीसी डिझाइन हा विषय वाघासारखा वाटायचा. मॅडमनी तो माणसाळवला होता. भार काढा, किती लोखंड लागतं ते काढा, उत्तराखाली दोन रेघा ओढा. ते लोखंड स्लॅबमध्ये नेमकं कुठं बसवायचं आणि कशानं जागेवर धरायचं, हे सांगणारी शेवटची आकृती वेळ फार खायची आणि मार्क थोडे द्यायची. मॅडमनी ते पान नोट्समधून काढूनच टाकलं. मुलं पास होत गेली, भिंतीवर त्यांचे फोटो लागत गेले.

त्या फोटोंतला कुहीचा रोहित आता बेसा भागात घरं बांधून देतो. परवा तो क्लासवर आला. "मॅडम, स्लॅबचा नारळ तुमच्याच हातानं. नाही म्हणू नका."

लतिका ठेवणीतली साडी नेसून गेली. शिडीनं वर चढली. सेंट्रिंगच्या पत्र्यांवर सळ्यांची जाळी उन्हात चमकत होती.

"पाहा मॅडम, तुमच्याच नोट्सनं काढलं. एक सळई कमी नाही."

खरंच कमी नव्हती. फक्त गॅलरीतल्या सळ्या पत्र्याला टेकल्या होत्या. गॅलरी भिंतीतून बाहेर आलेली, पुढं आधार नाही. वजनानं ती खाली झुकू पाहते तेव्हा ताण येतो वरच्या बाजूला, आणि काँक्रीटला ताण सोसत नाही. म्हणून तिथं लोखंड वर हवं, आणि ते वर राहावं म्हणून खाली लोखंडाचे छोटे पाय हवेत. पाय नव्हतेच. माणसांच्या येण्याजाण्यानं सळ्या खाली बसल्या होत्या. त्यांच्यावरच उभा राहून मिस्त्री तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता.

"रोहित, ह्यांना उचलून धरणारे पाय कुठे आहेत?"

मिस्त्री हसला. "मॅडम, आम्ही काय आजच पहिल्यांदा स्लॅब टाकून राहिलो का? फोडा नं नारळ, मिक्सर थांबून आहे."

रोहितनं मात्र आवाज खाली आणला. "मॅडम, ते तर ऑप्शनले होतं नं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

"थांबव काम," ती म्हणाली. नारळ पिशवीतच राहिला.

रोहित मिस्त्रीकडे वळला. "माझंच चुकलं गा. मॅडमनं पाहिलं म्हणून वाचलो." तेव्हाच बोलता आलं असतं. लतिका वाकून साडीच्या काठाची धूळ झटकत राहिली. खाली उतरताना तिनं विचारलं, "आणि आधीची घरं?"

रोहित जमिनीकडे पाहत म्हणाला, "एक बाजूच्याच गल्लीत आहे."

त्या घराच्या गॅलरीत सुभद्राबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मागं कुंड्यांची रांग, दाराजवळच्या कोपऱ्यात पाण्यानं भरलेला मोठा लोखंडी कूलर.

"काहून रे रोहित, खालूनच काहून पाहून राहिला? वर ये नं. ह्या बाई कोण?"

"मावशी, आधी घरात जा."

"काहून गा? साप निघाला का?" म्हणत त्या उठल्या, मेथीचं सूप काखेला लावून आत गेल्या.

लतिका वर गेली आणि उंबऱ्यावरच थांबली. गॅलरीच्या फरशीवर, भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी भेग होती.

"ते? ते तं मागच्या उन्हाळ्यापासून आहे," सुभद्राबाई म्हणाल्या. "सिमेंट भरलं होतं, पुन्हा उघडलं."

रोहित आणि मिस्त्रीनं साइटवरून लाकडी बल्ल्या आणल्या. गॅलरीखाली टेकू ठोकले, मग उंबऱ्यातूनच हात लांबवून कूलरचं पाणी सोडलं. आतल्या खोलीत बसलेल्या लतिकाला ठोकण्याचा प्रत्येक आवाज दातांत जाणवत होता.

"बाई, तुम्ही देवासारख्या आल्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "नाहीतर ह्या पोट्ट्यानं मारलंच असतं आमाले."

दारातला रोहित मान खाली घालून हसला.

"मावशी, चूक ह्याची नाही. मीच ह्याला—"

"बसा वं तुम्ही. चेहरा पाहा कसा उतरला. चहा ठेवते." आणि त्या निघून गेल्या.

रोहितही टेकू पाहायला खाली उतरला. माफी मागायला तिथं कुणी उरलं नाही. लतिकानं फोन काढला. क्लासच्या जुन्या मुलांचा ग्रुप अजून चालू होता. वाढदिवस, नोकऱ्या, लग्नांचे फोटो. तिनं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं : "कुणी बांधलेल्या गॅलरीत सळ्या खाली बसलेल्या असतील, किंवा शंका जरी असेल, तर गॅलरी रिकामी करा, खाली टेकू द्या, मला फोन करा. ते पान मी तुम्हाला शिकवलं नाही. चूक माझी आहे."

पहिलं उत्तर लगेच आलं. "मॅडम, आता हे पेपरला येणार का?" पुढं हसरे चेहरे.

सुभद्राबाईंनी चहा हातात दिला तेव्हा दुसरं आलं, उन्मेषचं : "मॅडम, आमच्या घराची गॅलरी मीच टाकली. आई आत्ता तिथंच बसली आहे."

लतिकानं कप तसाच जमिनीवर ठेवला आणि त्याला फोन लावला. रिंग जात होती.