नागमोडी रेघ

रद्दीच्या गठ्ठ्यात रविवारच्या पेपरांना चौकोनी भोकं पडलेली दिसली आणि मी तिथेच खाली बसले.

बाबा पेपरातलं बुद्धिबळाचं कोडं कापायचे, वहीत चिकटवायचे आणि शेजारी उत्तर लिहायचे. त्यांच्या आजारपणात मी ती वही पहिल्यांदा चाळली, तीही शेवटची दोन-चार पानं. उत्तरांत खेळीच्या जागी मधूनच नुसती नागमोडी रेघ होती. मला वाटलं, हात थरथरतोय, आठवेनासं झालंय. "बाबा, आता डोक्याला ताण नको," म्हणून मी वही माळ्यावर टाकली. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

ते गेल्यावर वही खाली काढली, तेव्हा पहिलं पान पाहिलं. तरुणपणीच्या ठसठशीत अक्षरात त्यांनी सगळ्या खुणांचे अर्थ लिहून ठेवले होते. नागमोडी रेघेपुढे लिहिलं होतं : काळ्याने काहीही खेळावं, आपली पुढची खेळी तीच. ती रेघ वहीभर होती, माझ्या जन्माच्याही आधीपासून.

म्हाताऱ्या माणसाचं जे आपल्याला वाचता येत नाही, ते आपण किती सहज आजारात ढकलतो. विचारलं असतं, तर पट मांडून त्यांनी अख्खी दुपार समजावलं असतं.

आता हे पेपर. तारखा पाहिल्या, सगळे वही माळ्यावर गेल्यानंतरचे आहेत. म्हणजे ते कापत राहिले होते. ती कोडी त्यांनी कुठे ठेवली, ते घरभर शोधूनही मला सापडलेलं नाही.