नदीपलीकडचं कपाट

मदत वाटणाऱ्या कचेरीत किस्से फार साचतात. मागणाऱ्याला एक हवं असतं, देणाऱ्याला दुसरंच द्यायचं असतं, आणि दोघांची पत्रं एकाच कारकुनाच्या टेबलावर येतात. तो कारकून मी. स्वातंत्र्यानंतर कल्याणातल्या काही सज्जनांनी आसपासच्या खेड्यांतल्या संस्थांना मदत करायला एक निधी काढला होता. अध्यक्ष तात्यासाहेब, निवृत्त मामलेदार. बाकीची कमिटीही सुशिक्षित. खेडं बहुतेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं.

*

शीळफाट्याकडच्या एका रात्रशाळेनं कंदील मागितले. कमिटीनं देशभक्तांच्या तसबिरी पाठवल्या. मास्तरांची पोच आली : "तसबिरी सुरेख आहेत, असे सकाळी दिसून आले."

तात्यासाहेबांनी ते पत्र आभाराच्या फाइलला लावायला सांगितलं!

*

घोडबंदरच्या वाटेवरच्या एका गावानं विहिरीला रहाट मागितला. आम्ही स्वच्छतेवर बोलायला व्याख्याते धाडले. दोन तास बोलून त्यांच्या घशाला कोरड पडली. त्यांनी पाणी मागितलं.

पाटील म्हणाले, "आम्हीपण तेच मागितलं होतं!"

*

मग आल्या राधाबाई. खडवलीला नदीपलीकडच्या गावातल्या महिला मंडळाच्या प्रमुख. त्यांना होडी हवी होती.

तात्यासाहेबांनी फॉर्म उलटासुलटा केला. "मंडळाचा शिक्का कुठाय?"

"शिक्का नाय. बाया हायेत. पंधराजणी भाईर उभ्या हायेत, आत बोलवू?"

तात्यासाहेबांनी घाईघाईनं फॉर्म दाखल करून घेतला. "पण होडीच का?"

"सुईण खडवलीला ऱ्हाते. गेल्या पावसाळ्यात ती या काठाला उभी ऱ्हायली, नि त्या काठाला माझी भावजय गेली."

मला वाटलं, मिळाली होडी.

*

कमिटी बसली. नियमांत वाहनाला मदत नव्हती, वाचनालयाला होती. गावाला सागवानी कपाट मंजूर झालं. चांगलं पुरुषभर उंच, वर निधीची पितळी पाटी.

राधाबाईंनी विचारलं, "पुस्तकं?"

"पुढच्या वर्षी."

"नि नदी?"

"ती आमच्या अखत्यारीत येत नाही," तात्यासाहेब म्हणाले.

*

पावसाळा सरल्यावर आम्ही तपासणीला निघालो. तात्यासाहेब, दोन मेंबर आणि वही घेऊन मी. खडवलीच्या काठावर राधाबाई होडी घेऊन हजर. होडी जरा चौकोनीच होती, पण तात्यासाहेब फळीवर ऐसपैस बसले. मध्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय हो बाई, कपाट कुठं ठेवलंय?"

"बसलात की त्यात!"

मी खाली वाकून पाहिलं. डांबराखालून आमची पितळी पाटी डोकावत होती.

"आणि दारं?"

"बाळंतिणीच्या खोलीला लावली."

तात्यासाहेब लालबुंद झाले. "हा निधीचा अपमान आहे! कपाट ताबडतोब परत करा!"

"करते. आधी काठाला तर लागू द्या."

*

काठाला लागताच तात्यासाहेबांनी तिथंच खडकावर मीटिंग घेतली. ठराव : कपाट निधीनं तत्काळ ताब्यात घ्यावं. एकमतानं मंजूर. माझी शाई वाळायच्या आत गावातून एक बाई धावत आली. तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या.

राधाबाई होडीकडे वळल्या. तात्यासाहेब आडवे आले. "थांबा! ठराव झालाय. कपाट आता निधीचं आहे."

राधाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या काठाकडे, आणि वल्हं त्यांच्याच हातात दिलं.

"मंग निधीनं वल्हवावं. सुईण पल्याड हाय."

मेंबर खाली पाहू लागले. मी टाक उचलला.

धोतर गुडघ्यापर्यंत खोचता खोचता तात्यासाहेब माझ्यावर खेकसले, "इतिवृत्तात लिहू नका!"