समावेशक शिक्षण, पहिला मजला

चेन्नईत अड्यारच्या एका संस्थेने आम्हा शिक्षकांचं शिबिर ठेवलं होतं. विषय होता, प्रत्येक मुलाला वर्गात सामावून घेणं. मार्गदर्शक होते एक निवृत्त मुख्याध्यापक. कमरेला धोतरासारखी पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळावर विभूती, आणि समोरच्याने तोंड उघडलं की स्वतःच्या ओठांवर बोट.

सभागृह पहिल्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. तांबरमहून आलेल्या एक शिक्षिका व्हीलचेअरवर होत्या. सरांनी जिन्यावरून वाकून त्यांना प्रेमाने सांगितलं, "अम्मा, तुम्ही खालीच बसा. माझा आवाज पोचतो."

"आणि माझा, सर?" बाईंनी विचारलं.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

माझ्या शेजारणीने मुकाट्याने आपली खुर्ची उचलली आणि ती जिना उतरू लागली. तिच्यामागे मी, मग सगळेच. रिकाम्या सभागृहात सर थोडा वेळ तसेच बोलत राहिले. शेवटी घाम पुसत खाली पार्किंगमध्ये आले आणि म्हणाले, "बघा! विद्यार्थी असेल तिथे शिक्षकाने जायचं. हेच मी शिकवत होतो."

आम्ही सवयीने टाळ्या वाजवल्या. व्हीलचेअरवरच्या बाईंनी तेवढं विचारलं, "मग पुढचं शिबिर कुठे, सर?"

"वरच," सर म्हणाले. "खाली डास फार आहेत."